सात लिव्हरचं कुलूप

पद्माकरराव गुळवणींनी कुलूप ओढून बघितलं, दोन पावलं चालून गेले, परत फिरले आणि पुन्हा एकदा ओढून बघितलं. दिल्लीच्या द्वारका भागातल्या नवकिरण अपार्टमेंट्समध्ये हे कुणालाही सांगितलं तर तो म्हणेल, यात नवीन काय? नवीन एवढंच, की आज ते कुलूप द्वारकेत नव्हतं. जॉर्जिया नावाच्या देशातल्या एका डोंगरी गावात, लमारा नावाच्या घरमालकीणबाईंच्या अंगणाच्या लाकडी फाटकाला ते लटकत होतं, आणि त्या गावात एवढं मोठं कुलूप बहुधा पहिल्यांदाच आलं असावं.

जीपपाशी उभी राहून शालिनी हे बघत होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

"अहो, लागलंय ते. चला."

"लागलंय असं वाटणं वेगळं आणि लागलेलं असणं वेगळं," पद्माकरराव म्हणाले आणि त्यांनी तिसऱ्यांदा ओढलं.

घाई शालिनीला होती आणि ती उगीच नव्हती. सकाळी गावात पोचल्या पोचल्या जीपचा ड्रायव्हर गियो, भरघोस दाढीचा आणि मोजक्या इंग्रजीचा माणूस, आभाळाकडे हात करून म्हणाला होता, "टुडे माउंटन. टुमारो रेन. आफ्टर टुमारो, मोअर रेन." त्यानंतरच्या दिवशी ते दोघं परत निघणार होते. म्हणजे गावामागच्या खिंडीवर जाऊन पलीकडचं शिखर आणि त्याच्या अंगावरून उतरणारी हिमनदी बघायची, तर ती आज. आणि दुपारी ढग यायच्या आत.

शालिनीने सबंध नोकरी दिल्लीच्या एका सरकारी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली होती. दरवर्षी ती फळ्यावर खडूने हिमनदी काढायची. तिचं मुख, तिची जीभ, कडेने तिने आणून टाकलेले दगडगोटे. हिमनदी म्हणजे काय, चार गुण. ज्या मुलांना तिने हे चार गुण दिले त्यांतली निम्मी पुढे लडाखला मोटरसायकली घेऊन जाऊन आली आणि तिला फोटो पाठवती झाली. बाईंनी स्वतः मात्र हिमनदी पाहिलेली नव्हती. त्यांच्या बाल्कनीवरून दिवसभर विमानं इतकी खालून जायची की कपडे वाळत घालताना त्यांची पोटं दिसत, आणि नोव्हेंबरात तर तीही दिसत नसत, कारण तेव्हा समोरचा टॉवरच दिसत नसे. लांबचं काही बघायची डोळ्यांची सवयच मोडली होती. निवृत्त झाल्यावर तिने एकच गोष्ट मागितली होती, की मला एकदा लांबचं काहीतरी दाखवा.

आता दिल्लीत राहून हिमालय बघितला नाही, हे कसं, असं लोक विचारतात. असं विचारणाऱ्यांनी पद्माकररावांबरोबर संसार केलेला नसतो. गुळवण्यांची मनालीची सहल दिल्लीबाहेर पडता पडताच, मुरथलच्या ढाब्यावर संपली. पराठे आले, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा आला, आणि पहिला घास तोंडात जाताना पद्माकररावांचा हात नकळत शर्टाच्या खिशाकडे गेला. "शालू, गॅसचा नॉब बंद केला होता का आपण?" पराठे बांधून घेऊन दोघं घरी. नॉब बंद होता. नैनितालची सहल हापूडला संपली, बाल्कनीच्या दारासाठी. तेही बंद होतं. "बघ, बंदच होतं," असं दर वेळी पद्माकरराव इतक्या समाधानाने म्हणत, जणू सहल होती ती हेच बघण्यासाठी. शालिनीला संताप यायचा तो याचाच. एकदा, निदान एकदा तरी काहीतरी उघडं निघायला हवं होतं.

म्हणून परदेश. यामागे तिचं साधं गणित होतं, की विमानाला मुरथल नसतं. एकदा ते उडालं की नॉब उघडा असो की बंद, पायलट काही मागे वळवत नाही.

खरं तर तिला स्वित्झर्लंड हवं होतं. पण त्या व्हिसासाठी पासपोर्ट काही दिवस दुसऱ्यांच्या हवाली करावे लागतात हे कळल्यावर पद्माकररावांनी अर्जच भरू दिला नाही. "स्वतःचा पासपोर्ट काउंटरवरच्या अनोळखी मुलाच्या हातात द्यायचा? आणि तो कुरिअरने पाठवणार?" असं ते आठवडाभर म्हणत होते. जॉर्जियाचा व्हिसा घरबसल्या मिळत होता, पासपोर्ट कपाटातून हलवावा लागत नव्हता. देश असा ठरला.

देश ठरल्यावर सोसायटी कामाला लागली. पद्माकरराव हे नवकिरणच्या सुरक्षा समितीचे निमंत्रक. दूधवाल्याला फोटोचा पास, कामवाल्या बायकांना अंगठ्याचं मशीन, आणि पाहुण्याने गेटवर उभं राहून आपल्या पाहुणचाराची परवानगी घ्यायची, ही सगळी त्यांची देणगी. असा माणूस परदेशी निघाला म्हटल्यावर खालच्या बाकावर बैठक भरली. तिसऱ्या मजल्यावरचे भल्लाजी कधी जॉर्जियाला गेले नव्हते, त्यामुळे त्यांना सगळंच माहीत होतं. "गुलवनी साब, फॉरेन में सबसे पहले पासपोर्ट जाता है। रूम में मत छोड़ना।" गुरुग्रामला नोकरी करणारा पुण्याचा विनय म्हणाला, "काका, अंगावर तर बिल्कुल ठेवू नका. रूममध्येच ठेवा, लॉक करून." खोलीत ठेवायचा नाही आणि अंगावरही ठेवायचा नाही, असा दोघांच्या सल्ल्याचा एकत्रित निष्कर्ष निघाला. त्यावर तोडगा म्हणून भल्लाजींनी सदर बाजारातून स्वतः निवडून सात लिव्हरचं पितळी कुलूप आणून दिलं. त्याच्या जोडीला पद्माकररावांनी रेल्वेत बॅगा बांधायची जुनी साखळी माळ्यावरून काढली.

ही साखळी दिल्ली विमानतळावर केबिन बॅगेतून निघाली तेव्हा सुरक्षा रक्षकाने ती दोन बोटांत उचलून विचारलं, "ये क्या है, सर?"

"चेन है।"

"किसको बाँधना है?"

मला, असं शालिनीच्या अगदी ओठावर आलं होतं. अधिकाऱ्यांना बोलावण्यात आलं, पद्माकररावांनी त्यांना साखळीचा उद्देश, सोसायटीतलं आपलं पद आणि चोऱ्यांचं एकंदर प्रमाण समजावून सांगितलं, मागच्या रांगेतले लोक मोठ्याने उसासे टाकू लागले, आणि शेवटी पुन्हा काउंटरवर जाऊन साखळी मोठ्या बॅगेत रवाना झाली. इतकं सोसलेली वस्तू मग वापरल्याशिवाय कशी राहायची?

तर आज सकाळी लमाराबाईंच्या घरी पोचले. कोरीव लाकडी सज्जाचं दगडी घर, अंगणात अक्रोडाचं झाड, झाडाखाली खुर्चीवर लमाराची म्हातारी आई. खोली स्वच्छ, चादरींना उन्हाचा वास. शालिनीने खिडकी उघडली आणि खिंड समोर दिसली. तेवढ्यात मागून आवाज आला, "याला कोयंडाच नाही."

दाराला आतून लाकडी खुंटी होती, बाहेरून काहीही नव्हतं. पद्माकररावांनी गियोला बोलावलं. "व्हेअर इज लॉक?" गियोने लमाराला विचारलं. लमाराने आईला विचारलं. आजींनी बराच वेळ आठवलं आणि काहीतरी सांगितलं.

"देअर वॉज वन," गियो म्हणाला. "ग्रँडफादर टाइम. स्मॉल. फॉर द बुल."

"बघितलंस?" पद्माकरराव शालिनीकडे वळले. "बैलाला कुलूप होतं आणि पाहुण्यांना नाही."

मग कामाला सुरुवात झाली. पासपोर्ट बॅगेत, बॅगेला छोटं कुलूप, बॅग पलंगाच्या पायाला दोरीने. झेरॉक्स अंगावर. पण खोलीचं दार? दाराला साखळी ओवायला जागा नाही. खिडकीला गज नाहीत. पद्माकररावांनी घराला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि ते या निर्णयाला आले की मुळावरच घाव घालावा, म्हणजे अंगणाचं फाटकच बंद करावं. सूर्य वर चढत होता. शालिनीने दातओठ खात घड्याळ बघितलं, मग खिंड बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, लमाराबाई पाव आणायला गेल्यात शेजारी. आणि आजी आत आहेत!"

"मग चांगलंच आहे की," साखळी खांबाभोवती गुंडाळत ते म्हणाले. "त्याही सेफ."

अशा रीतीने एका नव्वदीच्या बाईंना त्यांच्याच अंगणात बंद करून, कुलूप तीनदा ओढून, गुळवणी दांपत्य एकदाचं जीपमध्ये बसलं. आजींनी आतून हात हलवला. बहुधा त्यांना वाटलं, ही लांबच्या लोकांची निरोप घ्यायची पद्धत असेल.

रस्ता चढू लागला. घरं खाली गेली, मग कुरणं लागली, पिवळी फुलं, आपापल्या तंद्रीत चरणाऱ्या गाई. शालिनीचा राग जरा निवळला. हवा इतकी स्वच्छ होती की दूरच्या कड्यावरचं एकेक झाड वेगळं दिसत होतं. वरच्या वळणावर एक दगडी देऊळवजा घुमटी दिसू लागली. "फाइव्ह मिनिट," गियो म्हणाला. शालिनीने पदर खोचला, चष्मा पुसला.

आणि तिला शेजारी हालचाल जाणवली. पद्माकररावांचा हात शर्टाच्या खिशाकडे चालला होता.

"नाही," शालिनी म्हणाली.

"शालू, मी कुलूप..."

"तीनदा ओढलंत! माझ्या डोळ्यांदेखत!"

"तीनदा ओढलं, पण तिसऱ्यांदा ओढताना ते थोडं हललं होतं. भल्लाजींनी सांगितलंय, सात लिव्हर असतात, सातही पडायला हवेत. पाचच पडले असले तर?" पद्माकररावांच्या कपाळावर खरोखर घाम आला होता. "परदेशात पासपोर्ट गेला तर काय होतं माहितीये तुला? एम्बसी, एफआयआर, सगळं!"

"अहो, पाच मिनिटं राहिलीत. पाच. बघू आणि जाऊ."

"मला काही दिसणारच नाही वर जाऊन. मला कुलूपच दिसेल. गियो, प्लीज, बॅक. गो बॅक."

गियोने आरशात शालिनीकडे बघितलं. तिने काही सांगितलं असतं तर तो वर गेला असता, हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय अशी एका वळणावर जात नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि जीप वळली.  उतारभर ती मनातल्या मनात खूप बोलली, आणि त्यातलं काहीच इथे लिहिण्यासारखं नाही.

गावात फाटकापाशी सात-आठ माणसं जमलेली होती. कुणी भांडत नव्हतं, सगळे आरामात उभे होते. काखेत गरम पावांचं गाठोडं धरून लमारा मधोमध उभी होती, आजी खुर्चीसकट फाटकाबाहेर आल्या होत्या, आणि एक गाय शांतपणे अंगणात शिरत होती. फाटक उघडं होतं. सताड उघडं. झालं होतं असं, की पाव घेऊन आलेल्या लमाराला आपलंच घर बंद दिसलं. तिने कुलूप बघितलं, मग फाटकाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि फाटक बिजागऱ्यांतून वर उचलून काढलं. आता ते साखळीच्या बाजूने उघडत होतं. साखळीचीच बिजागरी झाली होती.

पद्माकरराव जीपमधून उडी टाकून धावले. पासपोर्टकडे नाही. आधी कुलपाकडे. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून ओढलं. मग सुटल्यासारखा श्वास सोडून ते शालिनीकडे वळले.

"बघ," ते म्हणाले. "लागलेलंच होतं."

शालिनीच्या डोळ्यांसमोर अक्षरशः अंधारी आली. मुरथलचे पराठे, हापूड, विमानतळावरची रांग, सगळं एकदम डोक्यात उसळलं. या माणसाचं काय करावं? हा मुळात चोर नाही, दारूडा नाही, पगार आणून हातात देणारा, आजारपणात रात्र रात्र जागणारा माणूस. याच्याबद्दल तक्रार करायची तर ती कुणाकडे आणि कुठल्या तोंडाने?

लमाराने गियोला काहीतरी विचारलं. "शी आस्क," गियो म्हणाला, "हू इज कमिंग?"

"हू म्हणजे?" पद्माकरराव उसळले. "एनीबडी! एनीबडी कॅन कम!"

गियोने ते सांगितलं. लमाराचा चेहरा खुलला, ती भरभर बोलली आणि आत निघालीसुद्धा.

"शी से, एनीबडी, व्हेरी गुड. शी विल मेक मोअर ब्रेड."

जमलेल्यांनी यावर माना डोलावल्या आणि त्यातले दोघं लगेच आत जाऊन बसले. पद्माकरराव एवढेसे झाले. आपल्या हयातभराच्या सावधपणाची अशी पंगत बसलेली त्यांनी कधी बघितली नव्हती. खोलीत जाऊन त्यांनी पासपोर्ट बघितले, ते होते. मग ते परत आले आणि फाटकाच्या जागी उभे राहिले.

"झालं ना समाधान? चला आता," शालिनी म्हणाली. खिंडीच्या डाव्या खांद्यावर कापसाच्या बोळ्याएवढा एक ढग आला होता.

"चला काय? आता तर फाटकच नाही! आधी निदान बंद तरी होतं."

"गियो बसवून देईल."

"जे एकदा उचलून निघालं ते पुन्हाही निघेल. आता गावाला कळलंय." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. द्वारकेहून भल्लाजी. पद्माकररावांनी सगळा वृत्तांत दिला आणि स्पीकर लावला, म्हणजे शालिनीनेही तज्ज्ञाचं मत ऐकावं.

"गुलवनी साब, गेट खुला है तो वहाँ से हिलना मत! बिल्कुल मत हिलना। भाभीजी को बोलो पहाड़ कल देख लें। पहाड़ कहीं भागा नहीं जा रहा।"

शालिनीने फोन नवऱ्याच्या हातातून घेतला.

"भल्लाजी, पहाड़ नहीं भाग रहा," ती म्हणाली. "मैं भाग रही हूँ। नमस्ते।"

फोन त्यांच्या हातात परत देऊन ती जीपकडे चालू लागली, आणि या वेळी मागे न बसता पुढच्या सीटवर, गियोशेजारी बसली.

"अगं, एकटी? परक्या मुलखात?" पद्माकरराव दोन पावलं पुढे आले, फाटक मागे उघडं पडतंय असं वाटून एक पाऊल मागे गेले. "शालू! मी कसा येऊ? तूच बघ ना!"

"येऊच नका. पासपोर्ट सांभाळा."

  तीच कुरणं, तीच पिवळी फुलं, त्याच गाई. मघाचं वळण आलं. तिथे तिने डोळे मिटून घेतले, आणि जीप पुढे गेली असं कळल्यावरच उघडले.

हिमनदी समोर होती.

फळ्यावर ती नेहमी पांढरीशुभ्र काढायची. ही मळकट होती. अंगावर धूळ, कडेने दगडांच्या राशी, ठिकठिकाणी उभ्या भेगा, आणि त्या भेगांच्या आत असा निळा रंग की त्यासाठी कुठल्याही शाळेत खडू मिळाला नसता. वर शिखर, उघडं, उन्हात. जिभेच्या टोकाशी गढूळ पाण्याची धार सुटली होती आणि तिचा आवाज इतक्या लांबून ऐकू येत होता. सगळं पुस्तकात होतं तसंच होतं आणि त्यातलं काहीच पुस्तकात नव्हतं. शालिनी घुमटीच्या पायरीवर बसली. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. हे इतकी वर्षं इथे होतं. याच्याहून जवळ, घरापासून एका रात्रीच्या बसवर, याच्यासारखीच कितीतरी होती. आणि आपण दर वेळी पराठे बांधून घेऊन परत गेलो. ते परत फिरायचे हे खरं, पण शेजारच्या सीटवर आपणही बसलेलो असायचो.

पर्समध्ये फोन वाजू लागला. नवकिरणच्या ग्रुपवर भल्लाजींनी बातमी घातली असणार. सोसायटीतली वैभवी लिहीत होती, 'काकू वॉव, फोटो टाका ना!' कुणी अंगठे, कुणी डोंगर, कुणी हात जोडलेले. शालिनीने फोन समोर धरला, त्यात हिमनदी नखाएवढी दिसली, आणि तिने तो बंद करून पर्समध्ये ठेवून दिला.

आणि मग, अगदी निवांत बसलेली असताना, कुठून कोण जाणे, तिच्या डोक्यात आलं, द्वारकेहून निघताना आपण बाथरूममधला गिझर बंद केला होता का?

ती अर्धी उठली. स्वतःकडेच बघून हबकली. लग्नाबरोबर आडनाव येतं, देव येतात, लोणच्याची कृती येते, तसं हेही आलं होतं तर. गियो जीपला टेकून तिच्याकडे बघत होता, निघायचं का अशा अर्थाने.

"नो," शालिनी म्हणाली आणि पुन्हा बसली. "राहू दे चालू." ढग येऊन शिखर पार झाकलं जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

ती परतली तेव्हा फाटकाच्या मोकळ्या जागेत पद्माकरराव खुर्ची टाकून बसले होते. शेजारी आजींची खुर्ची. आजींनी त्यांच्या मांडीवर अक्रोडांचं भांडं दिलं होतं आणि ते मुकाट्याने अक्रोड फोडत होते. आत अंगणात लमाराचे पाहुणे गरम पाव खात गात होते. दुपारभरात पद्माकररावांनी ज्याला ज्याला अडवलं असेल तो तो बहुधा हात मिळवून आत गेला होता.

"आलीस?" ते म्हणाले. त्यांचा आवाज पडलेला होता. "दिसलं का गं?"

"दिसलं."

"सगळं?"

"सगळं."

"दाखव की फोटो."

"नाही काढले."

"एकही?" अक्रोड हातातच राहिला. "अगं, ग्रुपवर सगळे विचारतायत. आणि मला कसं कळणार, कसं होतं ते?"

शालिनीने भांड्यातला एक अक्रोड उचलला.

"नाहीच कळणार," ती म्हणाली.

पद्माकररावांनी खिंडीकडे बघितलं. तिथे आता ढगाशिवाय काही नव्हतं. त्यांनी उद्याचं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, गियोचं सकाळचं बोलणं आठवलं असावं, आणि मिटलं.  मग उठले, साखळीपाशी गेले आणि सवयीने त्यांनी कुलूप ओढून बघितलं.

"लागलंय," ते हळूच म्हणाले.

"हो," अक्रोड फोडत शालिनी म्हणाली. "लागलंय."